उजेडाची वाटणी

या व्यासपीठावरून इतिहास सांगावयास विद्वान माणसे येतात. आम्ही विद्वान नव्हेत. आमचे शालेय शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. तरीही चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही गादीचा किंवा लढाईचा इतिहास निवडला नाही, विजेचा निवडला. सूर्य, वारा आणि पाणी यांपासून वीज करण्याचा उद्योग आज देशभर जोरात आहे. त्यात सरकारचा पैसा आहे, नगरपालिकांचा आहे, कारखानदारांचाही आहे. नव्या संपत्तीची वाटणी होत असताना जुन्या वाटणीचा इतिहास ठाऊक असलेला बरा, नाहीतर जे मागे उपाशी राहिले तेच पुन्हा पंगतीबाहेर राहतात.

प्रारंभी आमच्या घरची एक गोष्ट सांगण्याची परवानगी घेतो. 1982 च्या जानेवारीत मुंबईचा गिरणीसंप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील साचेखात्यात कामाला. संप लांबला, खोलीचे पागडीचे पैसे कर्जात गेले आणि आमचे बिऱ्हाड उपनगरातल्या एका डोंगरउतारावरच्या झोपडीत आले. तेथे कुणाच्याच नावावर मीटर नव्हता. खालच्या रस्त्यावरच्या एका दुकानाच्या मीटरवरून एका दलालाने वायर ओढली होती. तो बल्बमागे महिन्याला ठरावीक रक्कम घेई, पंख्याला दुप्पट घेई आणि रात्री दहाला लाईन बंद करी. पुढे युनियनमध्ये येऊन युनिटचा हिशेब शिकलो तेव्हा पहिले गणित आम्ही या बल्बचे केले. साठ वॅटचा एक बल्ब रोज चार तास जाळला तर महिन्याला 7.2 युनिट होतात. दलालाच्या पैशाला या आकड्याने भागले आणि कळले, की शहरातल्या बंगल्यातला माणूस युनिटमागे जेवढे देत होता त्याच्या कितीतरी पट आमची आई देत होती. अंधारात राहणाऱ्यालाच उजेड सर्वांत महाग पडत होता.

त्या गणितापासून आम्हाला एक सवय लागली. कुठेही विजेची योजना निघाली की आम्ही तीन प्रश्न विचारतो. पैसा कुणाच्या खिशातून आला? उजेड आधी कुणाच्या दारी गेला? आणि हिशेबाची वही कुणाच्या हाती राहिली? या तीन प्रश्नांच्या कसोटीवर आज दोन शहरांचा इतिहास तपासून पाहावयाचा आहे. एक आपली मुंबई, दुसरे सातासमुद्रापलीकडचे पोर्टलंड.

ज्याला आज स्वच्छ ऊर्जा म्हणतात ती मुंबईला नवी नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवावा, ते पाणी घाटाखाली सोडून वीज करावी आणि ती मुंबईस न्यावी, ही कल्पना जमशेटजी टाटांची. ते 1904 साली वारले. त्यांच्या पश्चात 1910 साली कंपनी उभी राहिली, लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधले गेले आणि 1915 साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. सुमारे 1,700 फूट उंचीवरून पाणी नळांतून खाली येत होते आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. तोपर्यंत गिरण्या दगडी कोळशावर चालत. गिरणगावाच्या आकाशातला काही धूर या पाण्याने खचित कमी केला. पाठोपाठ 1922 साली भिवपुरी आणि 1927 साली भिरा ही केंद्रे सुरू झाली. हिंदी भांडवलाने आणि हिंदी जिद्दीने झालेले हे काम मोठे होते, यात वाद नाही.

परंतु भिऱ्याच्या केंद्रासाठी लागणारे पाणी मुळशी खोऱ्यातून यावयाचे होते. निळा आणि मुळा या नद्यांच्या काठची सुमारे 52 गावे या योजनेच्या तडाख्यात सापडली. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या जोडीला होते. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. लढा मोडला, बापट तुरुंगात गेले, धरण पुरे झाले. मोबदल्याचा मोठा भाग ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्यांच्याकडे, म्हणजे बहुतांशी सावकारांकडे गेला. नांगर धरणाऱ्या कुळांच्या पदरी फारसे काही पडले नाही. आणि ज्या पाण्याने मुंबईचे दिवे पेटले त्या पाण्याच्या काठची कित्येक गावे पुढे दीर्घकाळ कंदिलावर राहिली.

आमचे तीन प्रश्न येथे लावून पाहा. पैसा भागीदारांचा होता, हे खरे. पण जमीन मावळ्यांची गेली, आणि जमीन हेही भांडवलच होय. उजेड आधी गिरण्यांना आणि सधन पेठांना मिळाला. हिशेब कंपनीच्या कचेरीत राहिला. वीज धुराच्या अर्थाने स्वच्छ होती, न्यायाच्या अर्थाने नव्हती. स्वच्छ ऊर्जा आपोआप न्याय्य असते असा जो समज आज पसरला आहे, त्याचे उत्तर आपल्याच घाटात शंभर वर्षांपूर्वी देऊन झाले आहे.

आता शहराकडे वळू. मुंबईत घरोघर वीज पुरविण्याचा आणि विजेच्या ट्राम चालविण्याचा मक्ता 1905 साली एका कंपनीला मिळाला. 7 मे 1907 रोजी पहिली विजेची ट्राम धावली. एका आण्यात शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता येई, म्हणून कामकरी माणसाला ती परवडे. कंपनी आरंभी स्वतःच्या केंद्रात वीज तयार करी. 1925 पर्यंत तिने ते बंद करून सारी वीज टाटांकडून घेण्यास प्रारंभ केला. या मक्त्यात त्या काळच्या नगरपित्यांनी एक शहाणपण केले होते. 42 वर्षांनी हा सारा कारभार विकत घेण्याचा हक्क त्यांनी नगरपालिकेकडे राखून ठेवला होता. त्यांतले बहुतेक नगरपिते मालदार होते, मतदारही मालमत्तेवर ठरत. तरीसुद्धा शहराचा उजेड कायमचा परक्याच्या हाती राहू नये एवढे त्यांनी पाहिले. त्या कलमाप्रमाणे 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, मुंबई महापालिकेने वीज आणि वाहतूक दोन्ही आपल्या ताब्यात घेतली. तीच आपली बेस्ट. पुढच्याच वर्षी, 1948 साली, महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली. उजेडाची मालकी आणि मताचा अधिकार हे दोन्ही शहरातल्या सामान्य माणसाकडे बारा-पंधरा महिन्यांच्या आत आले, ही गोष्ट आमच्या मते मुंबईच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

बेस्टने पुढे काय केले हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तिचा वीजपुरवठा फक्त बेटावरच्या शहरात, म्हणजे माहीम आणि शीवपर्यंत. किल्ल्यातल्या पेढ्या, मलबार हिलचे बंगले, बँका, नाटकगृहे ही सारी तिची गिऱ्हाइके. बस मात्र पुढे उपनगरांतही गेली. विजेच्या व्यवहारात जो नफा उरे त्यातून बसची तूट भरली जाई. याचा सरळ अर्थ असा, की किल्ल्यातल्या कचेरीत जळणाऱ्या दिव्याचा थोडासा पैसा कुर्ल्या-घाटकोपरच्या वस्तीतल्या बाईला कामावर पोहोचवीत होता. जेथे संपत्ती साठते तेथून घ्यावे आणि जेथे गरज असते तेथे खर्चावे, हे तत्त्व कुठल्याही भाषणाविना, एका नगरपालिकेच्या हिशेबवहीत कित्येक वर्षे पाळले गेले. गिरणगावातला चाळकरीही बेस्टचाच ग्राहक होता आणि त्याच्या बिलातूनही हा पैसा जाई, ही त्यातली उणीव आम्ही झाकत नाही. पण दिशा बरोबर होती.

ही दिशा दोन ठिकाणी चुकली. पहिली गोष्ट ट्रामची. 31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली आणि धूर न ओकणारे ते वाहन मोडीत निघाले. त्याच्या जागी तेलावरच्या बस आल्या. 2017 साली बेस्टच्या ताफ्यात विजेवरच्या बस पुन्हा आल्या तेव्हा त्या जणू नवलाच्या वस्तू म्हणून आल्या. मधली त्रेपन्न वर्षे फुकट गेली. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वीजदर ठरविण्याचा अधिकार पुढे नियामक आयोगाकडे गेला आणि विजेच्या पैशातून बसची तूट भरण्यास मर्यादा पडल्या. प्रत्येक व्यवहाराने स्वतःच्या पायावर उभे राहावे असे सूत्र आले. सूत्र ऐकावयास चांगले आहे, पण पाय सर्वांचे सारखे नसतात.

आणि या सगळ्यात झोपडपट्टी कुठे होती? 2011 च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईतली सुमारे चार दशांश माणसे झोपडपट्टीत राहत होती. त्यांच्या विजेचा प्रश्न नेहमी जमिनीच्या प्रश्नाआड अडकला. जमीन तुमची नाही तर तुम्ही बेकायदा, आणि बेकायदा घराला मीटर कसा द्यावयाचा? 1976 साली झोपड्यांची गणना होऊन फोटोपास मिळाले, पुढे 1 जानेवारी 1995 आणि मग 2000 अशा तारखांच्या रेघा ओढल्या गेल्या. रेघेच्या अलीकडचा पात्र आणि पलीकडचा अपात्र. मीटर देण्याचे नियम हळूहळू सैल झाले आणि पुष्कळ वस्त्यांत बिले माणसांच्या नावावर येऊ लागली, हे मान्य केले पाहिजे. पण मधल्या काळात दलालांच्या दोन पिढ्या पोसल्या गेल्या. जो आकडा टाकी तो चोर ठरला, जो मीटर देत नव्हता त्याला कुणी काही म्हटले नाही.

येथवर आपण जे पाहिले त्यात एक गोष्ट कुठेच आढळली नाही. मागे पडलेल्या वस्तीला आधी द्यावे असे कायद्यातच लिहून ठेवलेले कुठे दिसले नाही. बेस्टने जे केले ते वहिवाटीने केले, आणि वहिवाट मोडावयास एक हुकूम पुरतो. कायद्यात लिहून ठेवण्याचा प्रयत्न जेथे झाला, अशा एका शहराची हकीकत म्हणून आता पोर्टलंडची सांगतो.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात ओरेगन राज्यात हे सुमारे साडेसहा लाख वस्तीचे शहर आहे. विजेच्या इतिहासात त्याचे नाव आधीपासून आहे. 3 जून 1889 रोजी विलामेट नदीच्या धबधब्यावर केलेली वीज चौदा मैलांवरून आणून तेथले रस्त्यावरचे दिवे पेटविले गेले. इतक्या दूरवर वीज नेण्याचा अमेरिकेतला तो अगदी आरंभीचा यशस्वी प्रयत्न. पुढे त्या भागातल्या कोलंबिया नदीवर मोठमोठी धरणे झाली. त्यांपैकी एका धरणाच्या पाण्याखाली 10 मार्च 1957 रोजी सेलिलो नावाचा धबधबा बुडाला. तेथे त्या भूमीचे मूळ रहिवासी हजारो वर्षे मासे धरीत आले होते. श्रोतेहो, मुळशी एकट्या महाराष्ट्रात नाही.

शहरातही वाटणी तशीच होती. 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत घरकर्जासाठी शहरांचे नकाशे केले गेले आणि काळ्या व गरीब लोकांच्या वस्त्यांवर तांबडी रेघ ओढली गेली. तांबड्या रेघेच्या आत कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून घरदुरुस्ती नाही, झाडे नाहीत, बागा नाहीत. पोर्टलंडमधल्या आल्बिना या काळ्या लोकांच्या वस्तीतून पुढे मोठा हमरस्ता काढला गेला, क्रीडागृह बांधले गेले, आणि रुग्णालयाच्या विस्तारासाठी घरे पाडली गेली. विस्ताराला पैसा पुरला नाही, तेव्हा ती मोकळी जमीन कित्येक वर्षे तशीच पडून राहिली. 2020 साली संशोधकांनी अमेरिकेतल्या 108 शहरांचे तापमान तपासले. शंभरांतल्या चौऱ्याण्णव शहरांत जुन्या तांबड्या रेघेच्या आतली जमीन शेजारच्या वस्त्यांपेक्षा अधिक तापलेली आढळली. सरासरी फरक 2.6 अंशांचा होता. ऐंशी वर्षांपूर्वी नकाशावर ओढलेली रेघ आज उन्हात दिसते. आपल्या पात्र-अपात्रतेच्या रेघा ऐंशी वर्षांनी कुठे दिसतील, याचा विचार आपणच करावा.

या पार्श्वभूमीवर तेथल्या काळ्या, आशियाई आणि मूळ रहिवासी समाजांच्या संघटना पर्यावरणवाद्यांबरोबर एकत्र आल्या. त्यांनी सह्या गोळा करून एक कायदा थेट मतदारांपुढे ठेवला. नोव्हेंबर 2018 च्या मतदानात सुमारे 65 टक्के लोकांनी त्याला कौल दिला. कायदा असा. ज्या किरकोळ विक्रीच्या कंपनीची देशभरातली वार्षिक विक्री शंभर कोटी डॉलरच्या वर आणि पोर्टलंडमधली पाच लाख डॉलरच्या वर आहे, तिने शहरातल्या विक्रीवर एक टक्का अधिभार द्यावा. किराणा आणि औषधे यांवर तो नाही. या पैशाचा मोठा हिस्सा स्वच्छ वीज आणि घरांतली विजेची बचत यांवर खर्चावा, आणि त्यातला निम्मा भाग अल्प उत्पन्नाच्या व उपेक्षित समाजांच्या वाट्याला गेलाच पाहिजे. एक वेगळा हिस्सा त्याच समाजांतल्या तरुणांना या कामाचे प्रशिक्षण देण्यासाठी ठेवावा. पैसा कुणाला द्यावयाचा याची शिफारस नऊ नागरिकांच्या समितीने करावी.

आमचे तीनही प्रश्न येथे कायद्याच्या कलमांत बसले आहेत. पैसा बलाढ्य दुकानदारांचा, दार गरिबाचे, आणि वहीवर नागरिकांची नजर. व्यापारी मंडळींनी विरोध केला; वस्तू महागतील, अधिभार शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी बसेल, असे ते म्हणाले. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. किराणा आणि औषधे वगळली गेली, ती याच भीतीमुळे.

कायदा झाला म्हणून कारभार आपोआप सरळ झाला नाही, हेही सांगावयास हवे. आम्ही चळवळीतली माणसे विजयाची गोष्ट सांगतो आणि नंतरची लपवितो; ती खोड बरी नव्हे. 2021 साली अनुदाने वाटण्यास प्रारंभ झाला. त्याच वर्षीच्या 28 जूनला पोर्टलंडचे तापमान 46.7 अंशांवर गेले. त्या उष्म्यात शहर ज्या जिल्ह्यात आहे तेथे सुमारे सत्तर माणसे दगावली. त्यांत बहुतेक वृद्ध, एकटी राहणारी आणि घरात थंडाव्याची सोय नसलेली. निधीतून अशा घरांना थंडाव्याची यंत्रे देण्याचे ठरले. पण घाईत ज्या संस्थेला ते काम सोपविले तिच्या प्रमुखाला पूर्वी फसवणुकीची शिक्षा झाल्याचे वर्तमानपत्राने उघड केले आणि शहराला तो ठराव मागे घ्यावा लागला. मार्च 2022 मध्ये शहराच्या हिशेबतपासनिसांनी कारभाराची उद्दिष्टे आणि देखरेख पक्की नसल्याचा ठपका ठेवला. मग नियम सुधारले गेले, यंत्रे बसविण्याचे काम नव्याने उभे राहिले आणि पाच वर्षांत 15,000 यंत्रे बसविण्याचे ठरले. अधिभाराचे उत्पन्न अंदाजापेक्षा पुष्कळ अधिक येऊ लागले. 2023 साली पुढच्या पाच वर्षांसाठी 75 कोटी डॉलरचा आराखडा मंजूर झाला. तिजोरी भरलेली दिसताच शहराच्या इतर खात्यांची नजर तिच्याकडे वळली आणि काही पैसा त्या खात्यांच्या कामांकडे गेला. गरिबाच्या नावाची तिजोरी भरली की तिला वाटेकरी फुटतात. म्हणून तिसरा प्रश्न, वही कुणाच्या हाती, हा पहिल्या दोहोंइतकाच महत्त्वाचा आहे.

आता या इतिहासातून आपण काय घ्यावयाचे? पोर्टलंडचा कायदा उचलून येथे आणता येणार नाही. आपल्या महापालिकांना विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार नाही. मुंबईची जकात होती, तीही 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आल्यावर गेली. तरीही महापालिका अगदीच निष्कांचन नाहीत. इंदूरचे उदाहरण घ्या. होळकरांचे हे शहर नर्मदेचे पाणी उपसून आणते आणि त्या उपशाच्या वीजबिलाखाली दबलेले होते. 2023 साली तेथल्या महापालिकेने जनतेस रोखे विकून 244 कोटी रुपये उभे केले, ते जलूद येथे 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. आमच्या दृष्टीने खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. अशा प्रकल्पाने बिलात जी बचत होते ती जावयाची कुठे? ती सर्वसाधारण तिजोरीत विरघळली तर उद्या कुठल्यातरी कारंज्यावर खर्च होईल. ‘या बचतीतला अर्धा वाटा शहरातल्या मागे पडलेल्या प्रभागांच्या विजेवर’ असा ठराव रोखे काढतानाच झाला पाहिजे.

दुसरा मुद्दा छपराचा. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने घरांच्या छतावर सौर पॅनेल बसविण्याची मोठी योजना सुरू केली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट, आणि तीन किलोवॉट किंवा अधिकच्या संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान. योजना चांगली आहे. पण अनुदान घ्यावयास आधी स्वतःचे छप्पर हवे. चाळीत ऐंशी बिऱ्हाडांवर एक छप्पर असते आणि ते मालकाचे असते. झोपडीवरचा पत्रा पॅनेलचा भार सोसत नाही, आणि तो उद्या राहील की नाही हेही ठाऊक नसते. भाडेकरूला तर छप्परच नसते. म्हणजे ज्याच्याजवळ घर आहे त्याचे बिल कमी होणार आणि ज्याच्याजवळ नाही तो पूर्वीइतकेच भरीत राहणार. येथे नगरपालिकेचे काम सुरू होते, कारण तिच्याजवळ छपरे आहेत. शाळा, दवाखाने, मंडया, बसचे आगार ही सारी लोकांचीच छपरे. त्यांवर वीज करावी आणि तिचा वाटा आसपासच्या चाळींच्या व झोपड्यांच्या बिलांतून वजा व्हावा. जेथे वीज आयोगाचे नियम आड येतील तेथे नियम बदलून मागणे हे नगरसेवकाचे काम आहे, आणि नगरसेवकाला ते करावयास लावणे हे आपले.

तिसरा मुद्दा हाताच्या कामाचा. युनियनचा माणूस तो विसरणार नाही, ही आपलीही अपेक्षा असेल. धूर न सोडणाऱ्या यंत्रामागचा माणूस उपाशी असेल तर ती ऊर्जा स्वच्छ कशी म्हणावयाची? बेस्टच्या ताफ्यात ठेकेदारांच्या भाड्याच्या बस वाढल्या. त्यांचे चालक ठेकेदाराच्या पगारावर असतात, आणि ऑगस्ट 2023 मध्ये त्यांनी वेतनासाठी काम बंद केले होते. पॅनेल बसविणे, ती धुणे, तारा जोडणे हे हजारो हातांचे काम आहे. ते ज्या वस्तीत व्हावयाचे त्या वस्तीतल्या मुलामुलींना शिकवावे, आणि त्यांना कायम नेमणूक व पुरता पगार मिळावा अशी अट निविदेतच असावी. निविदा उघडल्यावर केलेली मागणी ठेकेदार हसण्यावारी नेतो, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव.

आणि शेवटचा मुद्दा वहीचा. प्रत्येक प्रभागात वर्षातून दोनदा, वस्तीतल्याच शाळेच्या पटांगणात, या पैशाचा हिशेब मराठीत आणि जी भाषा वस्ती बोलते त्या भाषेत वाचून दाखवावा. किती पैसा आला, किती घरांचे बिल किती रुपयांनी उतरले, किती मुलांना काम लागले, एवढे चारच आकडे पुरेत. आकडे थोडे असले की लपविता येत नाहीत.

काही सुजाण मंडळी म्हणतात, गरिबांना फुकट दिले की त्यांना सवय लागते. आम्ही त्यांना विनयाने विचारू, की मुळशीच्या कुळाने दिलेली जमीन कोणत्या भावाने घेतली गेली होती? डोंगरउतारावरच्या बाईने दलालाला दिलेला जादा पैसा कुणाच्या खाती जमा आहे? गरिबाने उजेडाची किंमत आधीच भरली आहे, काही ठिकाणी दोनदा. नगरपालिकेने त्याला द्यावयाचे ते त्याचेच येणे आहे.

मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये हवामानाचा आराखडा जाहीर केला आणि 2050 चे उद्दिष्ट डोळ्यांपुढे ठेवले. 2050 साली या सभागृहातले तरुण आमच्या वयाचे असतील. आम्ही त्यांच्याकडे एवढेच मागतो, की आराखडा हाती आला की प्रास्ताविक वाचण्यात वेळ न दवडता त्यांनी तीन प्रश्नांची उत्तरे त्यात शोधावी, आणि ती न सापडली तर महापालिकेच्या दारात जाऊन विचारावी. 1905 च्या मक्त्यात कुणीतरी एक कलम आग्रहाने घातले म्हणून 1947 साली हे शहर आपल्या दिव्यांचे धनी झाले. आपणही आज असे एखादे कलम घालून ठेवावे. आमच्या आईसारख्या कुणा बाईला मग रात्री दहाला दिवा जाईल या घाईने भाकऱ्या थापाव्या लागणार नाहीत.